अर्धा सूर खाली

पिळ्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि दातांच्या डॉक्टरला तेवढं ठाऊक होतं. बाकी जगासाठी तो पिळ्या. गिटारच्या खुंट्या पिळून तारा सुरात आणायच्या, हे त्याचं जन्मभराचं काम, त्यावरून पडलेलं नाव. स्वभावात पीळ म्हणाल तर औषधालाही नव्हता. गर्दीत कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर माफी हाच मागायचा.

तरुणपणी तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका रॉक बँडचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, ऐन कार्यक्रमाच्या दिवशी मुका झाला, म्हणून मालकाने त्याला हत्यारांची पिशवी देऊन मैदानावर धाडलं. अँप बोलायला लागला, पण पिळ्या काही दुकानात परतला नाही. बँडचा गायक स्वतःच गिटार वाजवायचा आणि असा गायचा, की मैदानाबाहेर ताटकळणारे टॅक्सीवालेही आपली भांडणं थांबवायचे. सगळे त्याला दादा म्हणत. दादाने आपली गिटार पिळ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, जरा बघ, सूर हलतोय. पिळ्याने एक खुंटी किंचित पिळली आणि तिथेच दोघांचं जमलं. पिळ्याला स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. पण तार केसभर इकडेतिकडे झाली की आपल्या दाढेत कळ येते, असं तो सांगायचा. दातांच्या डॉक्टरशी इतकी ओळख कदाचित त्यामुळेच असावी.

वर्षं गेली. दादाचे केस पांढरे झाले आणि मग एका रविवारी अचानक पुन्हा काळे झाले. पिळ्याने लग्न केलं. बायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्याच वरच्या दोन खोल्यांत संसार थाटला. दादाच्या स्टेजवरच्या काळ्या पँटी तिच्याकडेच यायच्या. घरात एकाच माणसाच्या गिटारी आणि पँटी, त्यामुळे तो माणूस जेवायला नसला तरी ताटावर त्याचाच विषय.

आणि मग ती दुपार आली. उघड्या मैदानात कार्यक्रम होता. दादाचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका लांबलचक चढ्या हाकेवर संपायचं. लोक त्या हाकेसाठीच यायचे. त्या दुपारी हाक निघाली, अर्ध्यावर पोचली आणि फाटली. लोकांना वाटलं माईक खराब आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा परत जाताना गाडीत डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता. टॉवेलच्या आतूनच म्हणाला, "संपलं रे, पिळ्या. आवाज गेला माझा."

उत्तर देणं हा पिळ्याचा प्रांतच नव्हता. पुढच्या कार्यक्रमाला मात्र तो सगळ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात बसला आणि दादाच्या गिटारीचा सूर अर्ध्याने खाली उतरवला. मग बेस गिटारही तेवढीच उतरवली. बेसवाल्याच्या ते लगेच लक्षात आलं. त्याने पिळ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि आपली बेस गळ्यात अडकवली. ड्रमवाल्याला सांगायची गरजच नव्हती, सुराशी त्याचं कधी बोलणंच नव्हतं. बँडमध्ये दुसरं वाद्य नाही. सगळंच सारखं खाली आलं, की ऐकणाऱ्याला काय कळणार? दादा गायला, ती हाक आली आणि शेवटपर्यंत टिकली. घामाने निथळत खाली उतरून त्याने पिळ्याला मिठी मारली. "आहे रे अजून! गेला नाही!"

खरं सांगायची वेळ होती ती तेव्हाच. पण तो चेहरा बघून सांगायचं कुणी? पिळ्याने तरी नाही सांगितलं.

एकदा खोटं बोललं की त्याला दर काही वर्षांनी खतपाणी घालावं लागतं. दादाचं वय वाढलं तसा पिळ्याने सूर आणखी अर्ध्याने उतरवला, मग आणखी. सैल तारा खडखडतात, म्हणून त्याने जाड तारा चढवल्या, मग त्याहून जाड. सुराचं मोजमाप दाखवणारं यंत्र तो तळहातात असं लपवायचा, जशी शाळेतली पोरं सिगारेट लपवतात. आणि दादा? दादा प्रत्येक मुलाखतीत छातीठोकपणे सांगायचा की माझा आवाज विशीत होता तिथेच आहे, तसूभरही हललेला नाही. पिळ्या बाजूला उभा राहून केबल गुंडाळायचा आणि मूग गिळायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सिनेमाचं गाणं आलं.

सिनेमा होता एका म्हाताऱ्या डॉक्टरचा आणि त्याच्या हरवलेल्या कुत्र्याचा. शेवटी कुत्रा घरी येतो, तेव्हा वाजायचं गाणं. आणि ते रॉक वगैरे अजिबात नाही. हलकंफुलकं, गुणगुणत भांडी घासता येतील असं पॉप. आधी ते सुटं प्रसिद्ध होणार, मग सिनेमात. संगीत देणारी मुलगी दादाच्या लेकीच्या वयाची, आणि तिला आवाज दादाचाच हवा होता. ऐकून बेसवाला म्हणाला, आयुष्यभर वाघासारखे ओरडलो आणि शेवटी कुत्र्यावर आलो. दादा हसला, पण त्याने होकार देऊन टाकला होता. का दिला, ते कुणालाच नीट कळलं नाही.

सरावाच्या खोलीत तिचा फोन आला तेव्हा पिळ्या जवळच होता. ती विचारत होती, सर, तुम्ही कुठल्या पट्टीत गाता? दादाने पिळ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "जुनीच पट्टी. काही बदललेलं नाही."

पिळ्या गुंडाळून झालेली केबल पुन्हा गुंडाळायला लागला. स्टुडिओत पियानो असतो, आणि पियानोच्या खुंट्या पिळ्याच्या हातात नसतात. पियानो कुणाचं वय बघून खाली येत नाही. दादा त्या जुन्या पट्टीत उभा राहणार, आवाज फाटणार, तोही काचेपलीकडे बसलेल्या तरुण पोरांसमोर. आणि मग तो विचारणार की परवाच्या कार्यक्रमात तर लागला होता, आज का लागत नाही? उत्तर एकाच माणसापाशी होतं. दादाचा आवाज आणि पिळ्यावरचा विश्वास, दोन्ही एकाच दिवशी जाणार होते.

त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायकोने पहिल्या दिवशी दात दुखतोय का विचारलं, दुसऱ्या दिवशी काय केलंयत ते सांगा म्हणाली. ती दुकानात मशीनवर बसली होती आणि पुढ्यात दादाचीच काळी पँट होती, पुन्हा एकदा कंबरेत सैल करायला आलेली. पिळ्याने स्टूल ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. ती शिवण उसवत ऐकत राहिली.

"या पँटीत आता माया उरली नाही," ती शेवटी म्हणाली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला ती माया म्हणायची. "होती तेवढी सोडून झाली. मागे पट्टीही जोडली, जाकिटाखाली दिसत नाही अशी. इतकी वर्षं सैल करतेय. दादांना कळत नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"कळलं असतं तर बोलला असता."

"मी तरी कुठे बोलते?"

पिळ्याला हे पँटीचं तत्त्वज्ञान नको होतं, उपाय हवा होता. तिचा उपाय सोपा होता. सरळ जाऊन सांगा. सोपे उपाय सांगणाऱ्याला सोपे असतात, हे पिळ्या मनात म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घरी गेला.

दादा गळ्याला मफलर गुंडाळून कोमट पाणी पीत होता. जमिनीवर नातीचा पसारा पडला होता, बाहुल्या, ठोकळे, रंगीत पट्ट्यांचा खेळण्यातला पियानो. ते सगळं ओलांडून पिळ्या सोफ्याच्या काठावर टेकला. विषय जिभेच्या टोकावर होता. दादाही काही सांगायच्या बेतात असल्यासारखा वाटला, दोनदा त्याने पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. शेवटी दोघं बराच वेळ नव्या अँपच्या वजनावर बोलले. अँप जड होता यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं आणि पिळ्या घरी आला.

उरली ती संगीतकार मुलगी. प्लगची जागा बघायला आलोय असं सांगून पिळ्या तिच्या स्टुडिओत गेला. छोटीशी जागा, भिंतींना फोम, एका बाजूला काच, मधोमध पियानो. पियानोकडे त्याने सासुरवाडीच्या माणसाकडे बघावं तसं अदबीने पाहिलं. मुलीने चहा दिला, काका म्हणाली, आणि त्या एका शब्दाने त्याचा बांध फुटला. त्याने तिला सगळं सांगितलं. पट्टी खाली घ्या, म्हणाला. हवं तर मी येऊन फरशी पुसतो, पण खाली घ्या, आणि दादाला कळू देऊ नका.

ती ऐकताना मध्येच खिडकीकडे बघायला लागली. ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलताहेत. पिळ्याला वाटलं पोरगी रडतेय. मग ती वळली आणि म्हणाली, "काका, काळजी करू नका. गाणं आधीच खाली बांधलंय. सरांना सहज झेपेल."

"आधीच? पण दादाने तर फोनवर…"

"ऐकून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "आणि मी कुणाला काही सांगणार नाही. शब्द देते."

पिळ्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा अजून बाहेर लटकत होता, कारण गिटारचा प्रश्न होताच. गाण्यात दादाची गिटार पियानोबरोबर वाजणार, म्हणजे ती पियानोच्या सुरात हवी. त्या जाड तारा इतक्या वर ताणल्या तर गिटारची मान वाकायची. म्हणून पिळ्याने घरी येऊन तारा बदलल्या, जुन्या काळच्या बारीक तारा घातल्या. गाणं नवीन, पट्टी नवीन, दादाला काय कळणार? बोटांना तार थोडी बारीक लागेल. विचारलंच तर कंपनी बदलली म्हणून सांगू. बेत असा पक्का होता की पिळ्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळे वेळेवर आले. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे बसला, संगीतकार पियानोवर. दादा मधोमध माईकपाशी, काळं जाकीट, काळी पँट. मुलीने त्याला गाण्याचा कागद दिला. पिळ्याने गिटार घेतली आणि कोपरा गाठला.

आता इथे त्याच्या हातांचा थोडा विचार करायला हवा. त्या हातांनी इतकी वर्षं एकच काम केलं होतं. सगळ्यांकडे पाठ करायची, यंत्र तळहातात लपवायचं, तारा खाली उतरवायच्या. हात डोक्याला विचारत नसत. डोकं त्या वेळी दादाचा गळा कसा आहे, पाणी कोमट आहे का, याच विवंचनेत होतं. पिळ्या कोपऱ्यात बसला, त्याने पाठ फिरवली, आणि हातांनी रोजचं काम चोख बजावलं.

दादाने गिटार गळ्यात अडकवली. मुलीने पियानोवर सुरुवात केली. दादाने पहिला झणत्कार काढला.

असा आवाज त्या खोलीत आधी कधी झाला नसेल. पियानो एकीकडे, गिटार दुसरीकडे, जसे दोन शेजारी एकाच जिन्यावर दोन वेगळी भांडणं करताहेत. रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरचे हेडफोन खेचून काढले. मुलीचे हात हवेतच राहिले. पिळ्याच्या दाढेत अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण खाली फोमचा गालिचा होता.

दादाने गिटारीकडे पाहिलं. एका बोटाने सैल तार छेडली. मग मान वर केली आणि माईकमध्ये, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला:

"पिळ्या, आज वर चढव. आज पियानो आहे."

पिळ्या जागचा हलला नाही. वाक्य कानातून डोक्यात जायला वेळ लागला. आज वर चढव. म्हणजे एरवी खाली असते, हे माहीत आहे. म्हणजे सगळंच माहीत आहे.

"कधीपासून?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच फाटला होता.

दादा स्टुलावर बसला. नातीला पियानो आणला तेव्हापासून, तो म्हणाला. तिला आपलं गाजलेलं गाणं शिकवायला बसला, कार्यक्रमात गातो तसं गायला लागला, तर पियानो भलतंच बोलायचा. दादाने ठरवलं की खेळणं बिघडलंय. सेल बदलले, तरी तेच. दुकानदाराशी वाद घालून दुसरा आणला, त्यातही नेमका तोच बिघाड. "दोन पियानो खोटे आणि मी एकटा खरा, असं किती वेळ म्हणणार?" त्या दिवशी तो न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसला होता. बायको दार वाजवत होती.

"मग बोलला का नाहीस?"

"पुढच्या कार्यक्रमाला बोलणारच होतो. आलो, तर तू कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड करून, ते यंत्र मुठीत धरून, एकेक तार उतरवत होतास. इतक्या जपून, की मी तिथूनच मागे फिरलो. म्हटलं, हा इतकं करतोय माझ्यासाठी, याला कुठल्या तोंडाने सांगू की मला कळलंय?"

"आणि फोनवर हिला जुनी पट्टी सांगितलीस ती?"

"तू शेजारी उभा होतास ना."

यावर मात्र संगीतकार मुलीचा धीर सुटला. ती पियानोवर डोकं टेकून हसायला लागली आणि हसता हसता तिने सांगितलं, की त्याच संध्याकाळी सरांनी पुन्हा फोन केला होता, खरी पट्टी सांगितली होती आणि बजावलं होतं की पिळ्याला कळता कामा नये, बिचाऱ्याला लागेल. आणि मग काका आले, तेच गुपित घेऊन. "दोघांना शब्द देऊन बसले होते मी. रोज वाटायचं, मीच कुणाच्या तरी तोंडावर फुटणार."

पिळ्याला हसू यायला हवं होतं, पण आलं रडू. तो तसाच उभा राहिला, हातात यंत्र, गालांवर पाणी, आणि आतून मात्र असं हलकं वाटत होतं, जसं दिवसभर चावणारे बूट कुणी काढून घेतले. दादा उठला आणि त्याने गळ्यातली गिटार काढून त्याच्याकडे दिली. "ओरडायचा कंटाळा आला होता रे," तो म्हणाला. "खाली गायचं होतं मला. उघडपणे. म्हणून हे कुत्र्याचं गाणं घेतलं. तुला कसं सांगावं, तेवढंच कळत नव्हतं."

पिळ्या पुन्हा कोपऱ्याकडे निघाला. अर्ध्यात थांबला. मग परत येऊन पियानोच्या शेजारीच बसला, सगळ्यांकडे तोंड करून, यंत्र पियानोच्या झाकणावर उघडं ठेवून. मुलीने एकेक पट्टी दाबली, त्याने एकेक खुंटी पिळली.

आणि दादा गायला. "ये, दार उघडंच आहे," अशी गाण्याची ओळ होती, ती त्याने ओरडून नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावी तशी म्हटली. खालच्या सुरात त्याच्या आवाजाला एक खरखरीत ऊब होती, जी इतकी वर्षं त्या हाकेच्या गडबडीत कुणी ऐकलीच नव्हती. पिळ्यानेही नाही. रेकॉर्डिंगवाल्याने पुन्हा एकदा घ्यायचं का विचारलं, तेव्हा मुलगी म्हणाली, कशाला?

गाणं आलं. दादाच्या जुन्या चाहत्यांपैकी काहींनी नाकं मुरडली, वाघाची मांजर झाली म्हणाले. पण त्यांच्याच आया, बायका आणि पोरं ते गुणगुणत फिरायला लागली, आणि मग तेही लागले. बेसवाला तर स्वतः ते गुणगुणत भांडी घासताना सापडला. पुढच्या कार्यक्रमात दादाने माईकवरच सांगितलं, की ती शेवटची हाक आता जरा खालून येईल, माझ्याबरोबर तुम्हीही म्हातारे झालायत, तेव्हा समजून घ्या. लोकांनी ती हाक त्याच्या बरोबरीने दिली.

त्यानंतर एका सकाळी दादा पिळ्याच्या बायकोच्या दुकानात आला. जुनी पँट टेबलावर ठेवली. तिने कोपऱ्यातल्या रेडिओचा आवाज कमी केला, त्यावर तेच गाणं लागलं होतं.

"वहिनी, आता ही सैल करू नका," तो म्हणाला. "नवीनच शिवा."

ती टेप घेऊन उठली. तिने टेपचं एक टोक धरलं, दुसरं शेजारी स्टुलावर बसलेल्या पिळ्याच्या हातात दिलं आणि दोघांनी मिळून दादाच्या कंबरेभोवती टेप फिरवली. सवयीप्रमाणे दादाने पोट आत ओढून श्वास धरला. ती थांबली. पिळ्याही थांबला. दोघं त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

दादा हसला, आणि त्याने पोट सोडून दिलं.